‘त्यांना कुणी मदत केली होती?’ केली होती की!

सोसायटीच्या ग्रुपवर विषय साधा होता. आमच्या वॉचमनचा पुतण्या धाराशिवकडून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलाय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. अतिवृष्टीत शेतातली माती खरवडून गेली, घरून पैसे येईनासे झाले, आणि पठ्ठ्याने रात्रीचा डबा बंद करून टाकला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, आपण वीस घरं आहोत, मेसचे पैसे मिळून भरू. त्यावर कुणी हो-नाही म्हणायच्या आत एक ढकलपत्र येऊन पडलं.

तुमच्याकडेही ते फिरून गेलं असेल. मजकूर थोडक्यात असा: कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. गोखले रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले. आनंदीबाई एकट्या बोटीने अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या. पानशेत धरण फुटलं तेव्हा पुणेकर चिखल उपसून दुसऱ्या दिवशी कामाला लागले, कुणी ‘डिप्रेशन’ म्हणून अंथरूण धरलं नाही. त्यांना कुणी मदत केली होती? कुणी कुरकुर केली? संकटंच माणूस घडवतात. आजच्या पोरांना सगळं आयतं मिळतं म्हणून ती नाजूक. मदत बंद करा, आपोआप घडतील. खाली हात जोडलेले आणि दंड फुगवलेला, दोन्ही चित्रं.

उत्तर ग्रुपवर लिहायला घेतलं होतं, पण ते फार लांबलं. म्हणून इथे.

पहिलं कर्व्यांचंच घेऊ, कारण ती पायपीट खरी आहे. साल १८७५. सहावीची सरकारी परीक्षा साताऱ्याला होती. भर पावसात कुंभार्ली घाट चढून, चार दिवस चालून धोंडो केशव तिथे पोचले. ढकलपत्र इथे थांबतं. पुढे काय झालं, तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांना हा पोरगा सतरा वर्षांचा वाटेना. किरकोळ अंगकाठी. ‘वय बसत नाही’ म्हणून परत पाठवला. आले तसे चालत घरी. म्हणजे ज्या पायपिटीचे आपण गोडवे गातो तिच्यातून त्या वर्षी त्यांच्या पदरात काही पडलं नाही. परीक्षा ते नंतर कोल्हापूरला पास झाले. पुढे १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, तेही गोखल्यांनी बोलावून घेतलं म्हणून. त्या घाटातून अशी आणखी किती पोरं परत गेली असतील, ज्यांना पुढे कुणी बोलावलंच नाही? त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत, आणि ढकलपत्रं चरित्रांवरूनच तयार होतात.

आनंदीबाईंचं तर मला वाचवत नाही. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एमडी झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांची वाट बघत होतं. ते हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला, इथेच पुण्यात, क्षयाने गेल्या. बाविसावं वर्षही पुरं नव्हतं. एकही दिवस डॉक्टरकी करता आली नाही. ज्या हालांनी बाई घडल्या म्हणता, त्याच हालांनी त्या गेल्याही. बेरीज मांडायची तर दोन्ही बाजू मांडाव्यात.

आणि ‘एकट्या’? नवरा सोबत नव्हता, एवढ्यापुरतं खरं. गोपाळरावांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचून न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर या अनोळखी बाईंनी पत्रव्यवहार सुरू केला, बोट लागली तेव्हा त्या घ्यायला आल्या, घरात ठेवून घेतलं. कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी याच कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला त्यांच्या घरच्या दफनभूमीत त्या अजून आहेत. कुणाचीच मदत नसलेल्या बाईच्या अस्थी कोण कुटुंबात ठेवून घेतं हो?

गोखल्यांच्या दिव्याबद्दल मी वाद घालत नाही. पण दिव्यासोबत थोरल्या भावाचंही नाव घ्या की. वडील वारल्यावर गोविंदरावांनी स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ धाकट्याला कोल्हापूरला शिकायला पाठवायचे आणि उरलेल्या सातात बाकीचं घर. पंधरातले आठ! आमच्या ग्रुपवर महिन्याला दोनशे रुपयांवरून जी चर्चा झाली ती आठवली की बरं वाटत नाही.

खरं तर पुण्याने हे बोलूच नये. या शहरात गरिबाघरचा पोरगा शिकायचा तो वार लावून. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, अशी सात घरं ठरलेली. माझ्या पणजीकडे गुरुवारी एक मुलगा यायचा. पडवीत पान मांडायचं, त्याने जेवून स्वतःचं ताट घासून पालथं घालायचं. पणजी ताक वाढायला विसरली तर मागायचा नाही. तो पुढे हेडमास्तर झाला, आणि साठीतही आमच्याकडे आला की बसायचा तो पडवीतच. हे आजीने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. आम्हीच त्याला आत बोलावलं नाही, असं म्हणाली.

तर ही मदत होती. सात घरांनी वाटून घेतलेली, रोजच्या डाळभाताची, आणि लाज वाटेल अशा पद्धतीने केलेली. मोठी गोम पुढेच आहे. हा वार सगळ्यांना मिळत नव्हता. मांगवाड्यातल्या हुशार पोराला सदाशिव पेठेत कुणी पडवीत तरी बसवलं असतं का? ‘आम्ही स्वतःच्या जिवावर शिकलो’ म्हणणाऱ्या घराण्यांत असे सात वार मागे सापडतात, आणि ज्यांना एकही वार नव्हता त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली की ‘आयतं’ हा शब्द आठवतो. विद्यार्थी सहाय्यक समिती डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये उभी केली. खेड्यातून आलेल्या गरीब मुलांची राहण्याजेवण्याची सोय हेच तिचं काम. तिथून शिकून गेलेल्यांना विचारा, त्या जेवणाने ते नाजूक झाले का.

कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचंही तेच. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी ६ एकर जमीन आणि ७५० रुपये दिले तेव्हा तिथे झोपडी उभी राहिली. पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत होत्या. विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला १५ लाख दिले. अण्णा कर्व्यांचं थोरपण यात कमी होत नाही. आयुष्यभर लोकांकडे हात पसरायची त्यांना लाज वाटली नाही, हे माझ्या मते त्या घाटापेक्षा मोठं.

‘कुरकुर केली नाही’ याला एकच नाव पुरे आहे. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, विषय मांगमहारांचं दुःख. आमच्या लोकांना इमारतींच्या पायात गाडलं, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, आणि देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असं ती विचारते. शाळकरी पोर! ढकलपत्राच्या हिशेबाने ही कुरकुरच. तिने ती गिळली असती तर दीडशेहून जास्त वर्षांनी आपण तिचं नाव घेतलं नसतं.

आता पानशेत. इथे मात्र मी घरचा माणूस आहे.

बुधवार, १२ जुलै १९६१. आजी-आजोबा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, वाड्यातल्या दोन खोल्यांत राहायचे. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. वाड्याच्या भिंती मातीच्या, त्या भिजून खाली बसल्या. पाणी ओसरल्यावर आजी परत गेली तर बंब उभा होता आणि तोंडापर्यंत गाळाने भरलेला. तिने तो चमच्याने उपसला. मोठं काही हाताशी नव्हतं. शेवटपर्यंत आमच्या घरात भांड्यांची वर्गवारी ‘पुराच्या आधीचं’ आणि ‘पुरानंतरचं’ अशी होती. आधीची भांडी तीन: तो बंब, एक अडकित्ता आणि कान तुटलेली कढई.

दुसऱ्या दिवशी कामाला लागले म्हणे. कशाला लागणार? घरं नव्हती, वीज नव्हती, खडकवासला गेल्याने नळाला पाणी नव्हतं. पेठांतल्या जुन्या विहिरी उपसून लोक पाणी भरत होते. त्या दोघांना उभं केलं ते शाळेत मिळालेल्या जागेने, कुणीकुणी आणून दिलेल्या जेवणाने, मग गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटने. सरकारने पुनर्वसनाचं काम स. गो. बर्व्यांसारख्या कर्तबगार अधिकाऱ्याकडे सोपवलं होतं. जवानांनी आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचत ते तग धरवलं, नाहीतर लोंढा अंधारात आला असता आणि मी हे लिहायला नसतो. एवढी माणसं, एवढे हात, आणि ढकलपत्रात फक्त ‘पुणेकरांची जिद्द’.

कुरकुर म्हणाल तर आजी रोज करायची. पत्रा तापतो, रॉकेलची रांग हलत नाही, कचेरीतला कारकून अर्ज तिसऱ्यांदा लिहून आणायला सांगतो. सगळं शहरच कुरकुरत होतं, म्हणून तर चौकशी बसली. काम पुरं व्हायच्या आत धरणात पाणी भरू दिलं, आतून पाणी सोडायच्या वाहिनीला सळईचं काँक्रीट नव्हतं, हे लोकांसमोर आलं ते कुणी गप्प बसलं नाही म्हणून. चौकशीला नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर यांनी मध्येच आयुष्य संपवलं, मग नाईक आयोग आला. ‘संकट माणूस घडवतं’ म्हणताना एक गोष्ट सोयीने निसटते: बरीच संकटं माणसानेच घडवलेली असतात.

आणि ते डिप्रेशन. आजोबा पुरानंतर नदीकडे फिरकले नाहीत. सख्ख्या भावाच्या दहाव्याला नदीकाठच्या ओंकारेश्वरला गेले नाहीत. नातेवाईक त्यावरून वर्षभर बोलत होते. आजी सहकारनगरला आल्यावरही पावसाने जोर धरला की रात्री उठायची, कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर सरकवायची आणि पहाटेपर्यंत जागी बसायची. पर्वतीच्या पायथ्याशी नदी कुठून येणार, असं आम्ही हसून म्हणायचो. १९९४ साली ती गेली त्या जुलैतही पेटी माळ्यावरच होती. अंथरूण धरलं नाही हे खरं. झोप लागली असती तर धरलं असतं.

एक नमुना अलीकडचाही घ्या, पुण्यातलाच. मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. १९७२ मध्ये हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. दंड फुगवलेल्या चित्रासाठी अगदी फिट्ट. पण या माणसाला पाण्यात उतरवलं ते लष्कराच्या इस्पितळातल्या उपचारांनी, आणि नंतर पोटापाण्याला पुण्यातल्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी होती. मदत थांबली कुठे, तर कौतुकात. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. त्या ४६ वर्षांनी ते आणखी ‘घडले’ का, हे ढकलणाऱ्यांनी त्यांना जाऊन विचारावं.

राहिली एक गंमत. आमची सोसायटी पूरग्रस्तांची आहे. ज्या जमिनीवर ही वीस घरं उभी आहेत ती १९६१ नंतर सरकारने पूरग्रस्तांना भाडेपट्ट्याने दिलेली, आणि ती मालकीची व्हावी म्हणून अशा सोसायट्या पुढे कित्येक दशकं अर्ज करत होत्या. आमच्या फायलीतल्या त्यातल्या निम्म्या अर्जांवर ढकलपत्र पाठवणाऱ्या काकांच्या वडिलांची सही आहे. मी त्यांपैकी एकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सोबत काही लिहिलं नाही.

काका दोन दिवस गप्प आहेत. काल जिन्यात भेटले तर टँकर कधी येणार एवढंच विचारलं. मेसचे पैसे चौदा घरांनी दिलेत. मेसवाल्या मावशी म्हणाल्या, महिना आगाऊ लागेल, आणि रविवारी रात्री आमच्याकडे सुट्टी असते, ते पोराला आधीच सांगून ठेवा.