साडेबारा टक्के जुने तेल

माझ्या डाव्या गुडघ्याने २००९ साली क्लचशी असहकार पुकारला, आणि केवळ त्याच्या हट्टापायी मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. त्या काळी आमच्या प्रतापनगरात अशा गाडीकडे लोक काहीशा सहानुभूतीने पाहत असत, जणू मला गाडी पूर्ण चालवता येत नसल्यामुळे दुकानदाराने अर्धीच शिकवून पाठवले होते. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगून त्या कंपनीला संकोचात टाकत नाही. चार गिअर, एक मालक, १ लाख १२ हजार किलोमीटर, आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन कार्यालयातून रीतसर मिळवलेली पाच वर्षांची मुदतवाढ, एवढा परिचय पुरेसा आहे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी व्हेरायटी चौकातला सिग्नल सुटला. मी ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाने आवाज चढवला. पण गाडी मात्र टेबलावर अर्ज ठेवल्यावरही मान वर न करणाऱ्या लिपिकासारखी क्षणभर जागीच बसून राहिली, आणि मग एकदम झटका देऊन अशी पुढे सरकली की मागच्या आसनावरची संत्र्यांची पिशवी पायदानात सांडली. मी स्वतः चौतीस वर्षे हिशेब खात्यात काढली असल्यामुळे ते वागणे मला तत्काळ ओळखू आले.

"अहो, गाडीला उचकी लागली का?" सौभाग्यवतींनी विचारले.

घरी येऊन मी गाडीसोबत मिळालेले पुस्तक सोळा वर्षांत प्रथमच उघडले. त्यात लिहिले होते की वापर कडक स्वरूपाचा असल्यास गिअरबॉक्सचे तेल दर ४० हजार किलोमीटरला बदलावे. आणि कडक वापर म्हणजे काय, तर धूळ, तीव्र उष्णता, छोटी अंतरे आणि सतत थांबत-निघत चालणारी वाहतूक. पुस्तक लिहिणाऱ्याने नागपूरचे नाव तेवढे घातले नव्हते. ज्या गावात पारा ४५ अंशांवर गेला तरी लोक कुलरमध्ये पाणी भरून पुन्हा कामाला लागतात, तिथे मी एक लाख बारा हजार किलोमीटर तेच तेल शिजवत होतो.

या तेलाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते इंजिनाच्या तेलासारखे केवळ वंगण नसते. माझ्या गाडीसारख्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी सुटताना इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घट्ट जोडणी नसते. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात इंजिनाकडचे पाते तेल फिरवते आणि ते फिरणारे तेल समोरच्या पात्याला ढकलते. हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याला ही कल्पना १९०५ साली सुचली, तीही जहाजांसाठी. पुढे हेच तेल दाबाखाली जाऊन आतले क्लच आवळते, गिअर बदलते, आणि वर सगळ्यांची उष्णताही वाहून नेते. म्हणजे ज्या कार्यालयात पंप, शिपाई, अधिकारी आणि पाणी देणारा ही सर्व कामे एकाच कर्मचाऱ्याकडे आहेत, त्या कर्मचाऱ्याला मी सोळा वर्षे एकही रजा दिली नव्हती.

तेल बदलायचे ठरवले असे मी चारचौघांत बोललो, ही माझी चूक. वरच्या मजल्यावरचे काका चपला न घालताच खाली आले. "जुन्या गिअरबॉक्सचे तेल कधीही बदलू नये," ते म्हणाले, "माझ्या साडूने बदलले आणि आठव्या दिवशी गाडी ओढून न्यावी लागली." पुढील चार दिवसांत मला आणखी तीन साडू, एक मेहुणा आणि एक व्याही यांच्या गिअरबॉक्सची मृत्युवार्ता ऐकायला मिळाली. या समजुतीत तथ्य मुळीच नाही असे नाही. क्लचच्या चकत्या झिजून गेलेल्या असतील, तर नवे तेल त्यांना वाचवू शकत नाही. परंतु बहुतेक मंडळी गिअर घसरू लागल्यावरच तेलाची आठवण काढतात, आणि मग अखेरच्या घटकेला बोलावलेल्या वैद्यावर जसा ठपका येतो तसा तो तेलावर येतो.

अखेर मी कामठी रोडच्या आतल्या एका गल्लीतील उस्तादांकडे गेलो. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, काढून तिच्या टोकावरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला, कागद नाकाशी नेला आणि डोळे मिटले. थेंब काळ्या चहाच्या रंगाचा होता.

"जळका वास नाही साहेब. जळलं असतं तं मी हातच नसता लावला. मशीन लावून धुवायचं नाही. खालून काढायचं, वरून टाकायचं, बस."

तेल आणायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. दुकानदाराने माझ्यापुढे एक लाल तेलाचा डबा ठेवला. मी पुस्तकातला दर्जा वाचून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "लाल हाये न? मंग तेच हाये." लाल रंग हा निव्वळ घातलेला रंग असतो, गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावे म्हणून, खरा फरक घर्षण कमी-जास्त करणाऱ्या रसायनांत असतो, आणि चुकीच्या तेलाने गिअर झटके देतात किंवा घसरतात, हे मी त्याला समजावून सांगू लागलो. माझ्यामागे गिऱ्हाइकांची रांग लागली. योग्य दर्जाचे तेल, जाळीचा फिल्टर, त्याची रबरी रिंग आणि चेंबरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठणाऱ्या पत्र्याच्या पात्राचे, पॅकिंग हे सर्व मागवायला नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत दुकानदार मला पाहताच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागत असे.

रविवारी सकाळी आठला गाडी खड्ड्यावर उभी राहिली. प्रतापनगरहून चालवत आणल्यामुळे तेल कोमट होते आणि ते तसेच हवे होते, कारण कोमट तेल गाळासकट वाहते. मी घरून पाण्याच्या चार रिकाम्या लिटरच्या बाटल्या आणि एक वही नेली होती. उस्तादांनी वहीकडे पाहिले. "साहेब, ऑडिट करून राहिले का?"

तेलाची धार पडत असताना बोलायला काही हवे म्हणून मी सांगितले की पूर्वी अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आल्यानंतर रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. उस्ताद खड्ड्यातून वर पाहत राहिले.

"म्हणजे ते नॉनव्हेज होतं?"

"एका अर्थी, हो."

"आन् वहिनी गाडीत बसतात!" त्यांनी हातातला पाना थांबवला. हे तेल १९७० नंतरचे आहे याची मला दोनदा खात्री द्यावी लागली.

दहाच्या गोटी पान्याने बोल्ट सुटले, चेंबरच्या कडेला ब्लेड फिरवल्यावर तो उतरला. आतले दृश्य मी डोळे बारीक करून पाहिले. चेंबरच्या तळाशी बसवलेल्या दोन चुंबकांवर करडा लेप जमला होता. बोटांत चोळला तर डबीतल्या काजळासारखा मऊ, एकही कण टोचत नव्हता. धातूचा असा बारीक भुगा जमणे स्वाभाविक असते. चकाकणारे तुकडे निघाले असते तर मात्र आम्ही चेंबर पुन्हा लावून गाडीला तीर्थयात्रेला नेले असते. एक चुंबक पुसताना उस्तादांच्या हाताखालचा पोरगा गोणीतून पुसायची चिंधी काढू लागला, तेव्हा उस्तादांनी त्याला असा आवाज दिला की बाजूच्या गॅरेजमधला कंप्रेसरही बंद पडला. चिंधीचा एक धागा आत राहिला तर तो झडपांच्या बारीक वाटांत अडकतो. मी त्यासाठी सौभाग्यवतींची एक जुनी नायलॉनची साडी आणली होती. तिचे धागे निघत नव्हते, हे खरे. परंतु ती तेल शोषतही नव्हती, केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत होती.

आणि मग माझ्या वहीला तिचा दिवस लाभला. उस्तादांनी जुना फिल्टर खाली ओढून ट्रेमध्ये टाकला आणि नवा हातात घेतला. मी जमाखर्च लिहीत होतो: नवा फिल्टर एक, नवी रिंग एक, जुना फिल्टर एक, जुनी रिंग... ट्रेमध्ये रिंग नव्हती.

"उस्ताद, जुनी रिंग जमा झाली नाही."

"पडली असंल खाली."

पोरग्याने खड्डा शोधला. मी ट्रेमधले तेल पळीने ढवळले. शेवटी उस्तादांनी बॅटरी वर रोखली, आणि ज्या भोकात फिल्टरची नळी बसते तिथे, धातूला चिकटून, सोळा वर्षांची काळी रिंग निवांत बसलेली दिसली. तिच्यावरच नवी रिंग चढवली असती, तर ती नीट बसली नसती, पंपाने तेलाऐवजी हवा ओढली असती, आणि आठव्या दिवशी मी काकांच्या साडूंच्या पंगतीला जाऊन बसलो असतो. उस्तादांनी पेचकसाच्या बोथट टोकाने, भोकाला ओरखडा न पडू देता, ती हलके हलके बाहेर काढली. मग ती माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "घ्या. सही करा."

पॅकिंग बसले, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि बेताच्या जोराने आवळले गेले. जास्त जोर लावला तर चेंबरचा पत्रा वाकतो आणि पॅकिंग दबून तिथूनच थेंब सुरू होतो, एवढे सांगून तो भाग संपवतो. जितके निघाले तितकेच तेल डिपस्टिकच्या नळीतून, लांब गळ्याच्या नरसाळ्याने आत गेले. पातळी मोजायचा विधी मात्र लग्नातल्या सप्तपदीपेक्षा कडक आहे. इंजिन गरम आणि चालू हवे, गाडी सपाट जागी हवी, ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी (पार्किंग), आर (रिव्हर्स) असा खालपर्यंत प्रत्येक घरात काही क्षण थांबवत न्यायचा, परत पी मध्ये आणायचा, आणि मगच डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहायची. त्या कामासाठी सौभाग्यवती ऑटोरिक्षाने मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले. "आता आर मध्ये टाकू का? नक्की? मागे तो मुलगा उभा आहे." पोरगा भिंतीवर चढून बसला. पातळी गरम तेलाच्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आली.

परतताना सिग्नल सुटल्यावर गाडी निमूटपणे निघाली. पहिल्याचा दुसरा गिअर कधी झाला ते मला कळले नाही, आणि सौभाग्यवतींना बाजूच्या दुकानातल्या सेलची पाटी सविस्तर वाचून दाखवता आली.

घरी मी वही उघडली आणि अस्वस्थ झालो. पुस्तकाप्रमाणे गिअरबॉक्समध्ये एकूण तेल ६.८ लिटर, माझ्या बाटल्यांप्रमाणे निघाले ३.४ लिटर. अर्धा ऐवज बेपत्ता. मी उस्तादांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितले की बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये बसून असते, चेंबर उघडून ते येत नाही. काही दिवस गाडी चालवून पुन्हा अर्धे काढायचे आणि पुन्हा भरायचे. मी हिशेब मांडला. दुसऱ्या वेळी जुने तेल २५ टक्के उरेल, तिसऱ्या वेळी साडेबारा, चौथ्या वेळी सव्वासहा. हा तर घटत्या शिल्लकेचा घसारा! ज्या पद्धतीने मी आयुष्यभर सरकारी टेबलखुर्च्यांची किंमत कमी करत आलो आणि जिने ती किंमत कधीही शून्य होऊ दिली नाही, तीच माझ्या गिअरबॉक्समध्ये येऊन बसली होती. गाडीचाही हिशेब सहज करून पाहिला. मोटारीला १५ टक्के घसारा धरला, तर सोळा वर्षांनी शंभर रुपयांचे सात रुपये त्रेचाळीस पैसे उरतात. म्हणजे तीन फेऱ्यांनंतर गाडीत गाडीपेक्षा जुने तेलच जास्त टक्के शिल्लक राहणार होते.

तिसरी फेरी गेल्या रविवारी झाली. तेल काढताना या वेळी ते तर्रीसारखे लाल निघाले. मी उस्तादांना वही दाखवली आणि साडेबारा टक्क्यांचे काय करायचे, चौथी फेरी घ्यायची का, असे विचारले. त्यांनी हात पुसत बराच वेळ आकड्याकडे पाहिले.

"राहू द्या न साहेब तेवढं," ते म्हणाले. "सगळंच नवं असलं तं गाडीले परक्याच्या घरी आल्यासारखं वाटंल."