"लाडावलंय म्हणून किंचाळतं" म्हणे!

सध्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. दीड-दोन वर्षांचं पोरगं किंचाळतं म्हणजे ते लाडावलंय, आईबापाला मुद्दाम नाचवतंय, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एक धपाटा घातला की गप्प, आणि हे सगळं मोबाईलमुळे. वर मिरची-मोहरीची धुरी द्या हा बोनस, आणि शेजाऱ्यांचा तरी विचार करा अशी तंबी. आमच्या घरात सध्या एक किंचाळणारी व्यक्ती राहत असल्याने मला काही गप्प बसवेना.

तर "मुद्दाम नाचवतंय". अहो, या वयात कळतं भरपूर आणि बोलता येतं जेमतेम, सगळी गोची तिथे आहे. दोन वर्षांच्या आसपास साधारण ५० शब्द, "पाणी दे", "बाबा गेला" अशी दोन शब्दांची वाक्यं, बास. आता तुम्ही ऑफिसच्या घाईत तिच्या पायात चप्पल घातलीत, आणि तिला ती स्वतः घालायची होती, उलट्या पायात का होईना. "माझी मला घालू दे" हे बोलायला येत नाही, किंचाळायला येतं. चप्पल काढून परत तिच्या हातात दिली, खाली बसून "तुला घालायचीय? घाल" म्हटलं की बरेचदा तिथेच मिटतं. बरेचदा हं, नेहमी नाही. केळं मोडलं म्हणून रडणं चालू असेल तर केळं काही जोडता येत नाही, तिथे शेजारी बसून रडू द्यायचं. आणि काही किंचाळणं तर निव्वळ मजा असते, जिन्यात आवाज घुमतो हे नुकतंच कळलेलं असतं ना.

"आमच्या वेळी नव्हतं" याला काय बोलणार! होतं की. फक्त पोरगं रडायला लागलं की आईच्या कडेवरून आजीच्या, तिथून आत्याच्या, नाहीतर सरळ अंगणात. आता वन बीएचकेत एकच दमलेली आई आणि समोर तेच पोरगं, मग आवाज जास्त वाटणारच.

धपाट्याचं मात्र जरा सविस्तर बोलूया, कारण हाच मुद्दा लोकांना पटतो. पोरगं गप्प होतं हे खरंय, पण ते घाबरून. राग आला की काय करायचं हे त्याला कळलं नाही, राग आला की हात उगारायचा हे मात्र कळलं, आणि तेच उद्या पाळणाघरात दुसऱ्या पोरावर चालतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मारू नका, आणि ओरडून लाज काढू नका हेही त्यातच आहे. मग करायचं काय? आपला आवाज खाली आणायचा, शब्द कमी वापरायचे, "बिस्किट हवंय, आत्ता नाही, जेवल्यावर" एवढंच, भाषण नको. आणि नाही म्हटलं की नाहीच. पहिले काही दिवस किंचाळणं उलट वाढतं, कारण कालपर्यंत चालणारा उपाय आज का चालेना हे पोरगं जोर लावून बघत असतं. नेमकं तेव्हाच आपण वैतागून बिस्किट दिलं की हिशोब पक्का, एवढं ओरडलं की मिळतं. द्यायचंच असेल तर पहिल्या "दे"लाच देऊन टाका ना.

मोबाईलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडची तशीच संघटना म्हणते दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल सोडून, आणि २ ते ५ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण मोबाईल यायच्या आधीही पोरं किंचाळायचीच. आणि गंमत म्हणजे फॉरवर्ड पाठवणारे आजोबाच नातू रडला की यूट्यूब लावून देतात.

जे सांगायला हवं होतं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. एकदम नव्याने आणि रात्रीचं जास्त रडणं, ताप, सारखा कानाला हात, असं असेल तर कान दाखवा. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द बंद झाले असतील तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत बसू नका, ऐकण्याची टेस्ट करून घ्या. रडता रडता श्वास अडकून निळं पडत असेल तरीही डॉक्टरांना सांगा, बहुतेकदा घाबरण्यासारखं नसतं पण लोह कमी आहे का ते बघतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, तेही फुकट असतं.

धुरीबद्दल इतकंच, दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी ओवाळून टाका, आजीचं समाधान होतं, पण बंद खोलीत मिरच्या जाळून पोराला खोकवायचं हे कुठलं शहाणपण?

राहिले शेजारी. खालच्या काकूंना एकदा जाऊन सांगा की सध्या हा प्रकार चालू आहे, वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक काकू तासभर स्वतःच्या पोराच्या गोष्टी सांगतात, चहा होतो, आणि पुढच्या वेळी छताला काठी वाजवत नाहीत.