सात दिवसांत मोकळा मुधोळ, आणि बाकीच्या थापा

मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याला हाकेला यायला शिकवण्याचा तो मेसेज गेल्या महिनाभरात मला चार ठिकाणांहून आला. तीनदा न वाचताच पुसला. चौथ्यांदा तो गोव्यातल्या डिचोलीच्या आतेभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ह्यातलं जवळजवळ सगळं करून बघितलं. आता कुत्री माझ्या जवळच येत नाही." मग मात्र बसून वाचला, आणि डोकं फिरलं.

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्या भाग्यवानांसाठी थोडक्यात: "मुधोळ हाउंड सात दिवसांत मोकळा सोडा, एका हाकेत परत येईल." हा मराठी राजांचा इमानी कुत्रा, मालकाला सोडून जातच नाही. लष्कराने घेतला म्हणजे आज्ञाधारक असणारच. दोन दिवस उपाशी ठेवून मग हाक मारा. हाकेला आला नाही तर परत आल्यावर चार फटके द्या, पुन्हा पळणार नाही. तरीही ऐकत नसेल तर करंटचा पट्टा, म्हणजे गळ्यात विजेचा झटका देणारा. आणि कुठेही गेला तरी वास काढत येतोच, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर बिनधास्त सोडा. शेवटी हात जोडलेले तीन आणि "प्रत्येक श्वानप्रेमीला पाठवा".

मी काही ट्रेनर नाही. फोंड्याला सहा वर्षं एक मुधोळ सांभाळतोय, तांबू नावाचा, आणि पहिली दोन वर्षं त्याने मला जे पळवलं त्यातून थोडं कळलंय, एवढीच माझी लायकी. पण हा मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंही केलेलं नाही.

फटक्यांपासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे झालंय.

आतेभावाची चांदणी चौदा महिन्यांची. घरामागे काजूची बाग, बागेपलीकडे सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ. सहाव्या दिवशी त्याने सड्यावर पट्टा सोडला. गवतातून एक लांडोर उठली. पुढचं त्याच्याच शब्दांत: "मी 'चां' म्हणालो, 'दणी' म्हणेपर्यंत ती दिसत नव्हती." चाळीस मिनिटांनी आली. जीभ बाहेर, डाव्या मांडीवर काटेरी तारेची वीतभर चीर, आणि शेपूट हलतेय. ह्याने पायातली चप्पल काढली आणि मेसेजात सांगितल्याप्रमाणे दोन ठेवून दिल्या. चार द्यायला हात धजला नाही म्हणे.

त्या दिवसापासून ती वीस पावलांवर उभी राहते. हा एक पाऊल पुढे गेला की ती एक पाऊल मागे. रात्री स्वयंपाकघराच्या दाराने त्याच्या बायकोच्या मागून घरात शिरते.

आता कुत्रीच्या बाजूने बघा. लांडोर ती केव्हाच विसरली होती. चप्पल बसली तेव्हा ती काय करत होती? मालकाकडे येत होती. तिने धडा घेतला तो नेमका तोच: ह्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात गेलं की मार बसतो. कुत्रं शिक्षेची सांगड आत्ता चाललेल्या कृतीशी घालतं, पाऊण तासापूर्वीच्या गुन्ह्याशी नाही. आपण मनातल्या मनात चार्जशीट वाचून दाखवतो, तिला ते ऐकू येत नाही. "पण ती अपराधी तोंड करते ना!" असं मला हमखास सांगितलं जातं. ती तुमचा अवतार बघून अंग चोरते. अपराधाचा त्यात संबंध नाही.

हाकेला येणं कसं शिकवावं हे बघायचं असेल तर पहाटे कुठल्याही वाड्यावर जाऊन उभे राहा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की वाड्यावरची निम्मी कुत्री रस्त्यावर. का? कारण भोंगा वाजला की पाव येतो, आणि कोणीतरी कोपरा मोडून टाकतंच. "काल का नाही आलास" म्हणून पोदेराने आजवर एकाही कुत्र्याला सायकलवरून उतरून हाणलेलं नाही. त्याला कोणी सात दिवसांचा कोर्स शिकवला नव्हता. (मलाही तसला भोंगा आणायचा मोह झाला होता. मग लक्षात आलं, रोज सकाळी तांबू त्याच्याच मागे जाईल. शिट्टी घेतली.)

बाकी कुत्र्याला मारणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तेही पुढे ढकलावं.

आता करंटचा पट्टा. "परदेशात सगळे वापरतात" असं मेसेजात ठोकून दिलंय. वेल्सने त्यावर २०१० मध्येच बंदी घातली, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या ह्याच प्रश्नावर प्रयोग केला. निबंध २०२० मध्ये 'फ्रंटियर्स इन व्हेटरिनरी सायन्स'मध्ये आला, कोणालाही फुकट वाचता येतो. मोकळं सोडल्यावर हाकेला न येणारी, अशा खोडीची ६३ कुत्री घेतली, २१-२१ चे तीन गट केले. एका गटाला पट्टा बनवणाऱ्यांच्या संघटनेने सुचवलेल्या ट्रेनरांनी पट्टा वापरून शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच ट्रेनरांनी पट्ट्याशिवाय. तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या ट्रेनरांनी. पाच दिवस, प्रत्येकी जास्तीत जास्त १५० मिनिटं. म्हणजे मैदान पट्टेवाल्यांच्या सोयीचं, माणसंही त्यांच्याच पसंतीची. तरी पहिल्या हाकेला ऐकण्यात आणि चटकन ऐकण्यात बक्षिसवाला गट पुढे निघाला. पट्ट्याचा जास्तीचा फायदा काहीच दिसला नाही. ती सगळीच मुधोळसारखी शिकारी कुत्री नव्हती, हे मान्य. पण "जनावरामागे धावणाऱ्याला करंटशिवाय इलाज नाही" हे वाक्य त्यानंतर कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

आणि एक साधी गोष्ट विचारतो. मोरामागे धावताना करंट बसला, तर कुत्रं दोष कोणाला देईल? कदाचित मोराला. कदाचित त्याच क्षणी बांधावर दिसलेल्या शेजारच्या पोराला. हा जुगार मी तरी खेळणार नाही.

राजे आणि लष्कर पटकन उरकतो. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली, भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिचं तिकीट काढलं, सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात ह्या कुत्र्यांना शिकवून बघितलं. अभिमान बाळगा, हरकत नाही. पण मेरठला कुत्र्यामागे एक माणूस दिवसरात्र खपतो. तुमच्या घरी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरची वीस मिनिटं असतात, तीही मोबाइल बघत.

आणि इमान? पिढ्यान्‌पिढ्या ह्या कुत्र्याला शिकाऱ्याने निवडलं ते कशासाठी? हललेली वस्तू दिसली की हुकमाची वाट न बघता सुटण्यासाठी. शिकारी मागून घोड्यावर येणार, तोवर कुत्र्याने आपल्या अकलेने ससा गाठायचा. दर चार ढांगांनी मागे वळून "साहेब, जाऊ का?" विचारणारं कुत्रं त्या काळी कोणी ठेवलं नसतं. तेव्हा तो पळतो ते त्याच्या घराण्याचं काम करतो. तुमच्यावरचं प्रेम त्याने कमी होत नाही आणि प्रेम आहे म्हणून पळणंही थांबत नाही. ताशी ५० किलोमीटर धरले तरी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तुम्ही नाव घेऊन "ये" म्हणेपर्यंत तो पंचवीस-तीस मीटर पुढे. आमच्याकडे तेवढ्यात रस्ता लागतो, आणि रस्त्यावर खनिजाचे टिप्पर.

उपाशी ठेवण्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. पोट भरलेलं कुत्रं खाऊसाठी धडपडत नाही. म्हणून जेवणाच्या आधी शिकवायचं, आणि रोजच्या वाटणीतलंच शिकवताना द्यायचं. झालं. दोन दिवस उपास कशाला? ह्या जातीच्या अंगावर चरबी म्हणून नसते. आणि उपाशी शिकारी जनावर ससा दिसल्यावर मागे फिरेल हे गणित कोणत्या शाळेतलं?

वासाचंही तसंच. नाक त्याला आहेच, पण सुटतो तो डोळ्यांवर. भान येतं तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. बरीच कुत्री जिथून सुटली तिथे परत येतात, हे खरं. म्हणून हाका मारत गावभर फिरू नका, एकाने तिथेच थांबा. निघावंच लागलं तर अंगातला घामट शर्ट तिथे टाकून जा.

समुद्रकिनाऱ्यावर बिनधास्त सोडा म्हणे! मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात सागरी कासवं अंडी घालतात, आणि घरटी उकरण्यात कुत्र्यांचा हात असतो. शिवाय प्रत्येक किनाऱ्यावर तिथल्या भटक्यांची टोळी असते आणि त्यांना पाहुणा आवडत नाही. कुंपण नाही, भिंत नाही. ह्याहून वाईट वर्ग शोधून सापडणार नाही.

मग शिकवायचं कसं, हे आतेभावाने विचारलं तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

लांब दोरी घ्यायची, दहा ते पंधरा मीटर. मी विहिरीची नायलॉनची दोरी वापरली आणि पहिल्याच दिवशी तळहाताची साल काढून घेतली. चपटी पट्टी बरी, आणि हातात मोजे. दोरी गळ्याला कधीही बांधायची नाही, छातीच्या पट्ट्याला. ह्यांचं डोकं मानेपेक्षा रुंद नसतं, साधा गळपट्टा मागे सरकला की निसटतो. आणि पूर्ण वेगात दोरी संपली तर तो झटका मानेवर येतो.

हाकेचा शब्द नवा. "ये" आपण दिवसभर वाया घालवतो. चांदणीसाठी तर "ये" आता चपलेचंच दुसरं नाव झालंय. नवा शब्द आधी घरात, तिने काहीही न करता: शब्द, लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. शब्द, तुकडा. मग अंगणात. मग भात कापून झालेल्या मोकळ्या शेतात, दोरीवर. येणार नाही अशी शंका असेल तिथे हाक मारायचीच नाही, कारण दर वाया गेलेली हाक शब्दाची किंमत उतरवते. आणि आली की दहातल्या आठ वेळा परत सोडायचं. हाक म्हणजे मजा संपली, घरी चला, असं तिला वाटलं की खेळ खलास.

सगळ्यात उपयोगी पडली ती एकच गोष्ट, आणि ती मला दोन वर्षांनी दिसली. सुटण्याआधी तांबू थांबतो. कान ताठ, शेपूट स्थिर, पुढचा एक पाय उचललेला. दोन-तीन सेकंदच. हाक मारायची ती तेव्हा. एकदा सुटला की शिट्टी, शिव्या, देवाचं नाव, सगळं सारखंच. त्या उचललेल्या पायावर नजर ठेवायला शिकलो तेव्हापासून तो दहातल्या नऊ वेळा वळतो. दहावी वेळ आहे, म्हणून सड्यावर तो आजही दोरीवरच असतो. मोकळा धावतो तो एका ओळखीच्या माणसाच्या कुंपण घातलेल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. ह्याला कोणी अपयश म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

चांदणीचं काम आता उलटं आहे. शिकवणं नंतर, आधी पुसणं. आतेभाऊ रोज संध्याकाळी अंगणात तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसतो, मागे ताटलीत कलेजी ठेवतो, वळून बघत नाही, बोलावत नाही. पहिले चार दिवस ती वीस पावलांवरच होती. ताटली तो आत गेल्यावर रिकामी व्हायची. काल रात्री फोन आला: "दादा, आठ पावलं. मी बसलेलो असताना." चपला त्याने माडीवर नेऊन ठेवल्यात, हल्ली अंगणात अनवाणीच उतरतो. त्या नुसत्या पायात दिसल्या तरी ती बागेकडे तोंड वळवते.