एनसीसीवाल्या काकांना उत्तर: छर्रा, पकड आणि मागचा ऊस

नमस्कार काका,

नाव न देता 'जुना एनसीसीवाला' एवढीच सही केलीत, म्हणून काकाच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया झोंबली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दहा मीटरवर सात सेंटिमीटरचं ग्रुपिंग (म्हणजे कागदावर छर्ऱ्यांची भोकं किती पसरली ते माप) देणाऱ्या स्वस्तातल्या एअर रायफलला मी 'पैसा वसूल' म्हटलं, तेही पन्नास छर्ऱ्यांच्या जोरावर. त्यापेक्षा जत्रेतली फुग्याची बंदूक बरी, असं काकांचं म्हणणं. आणि फोटोत लक्ष्यामागे उभा ऊस दिसतोय, त्याचं काय, हा त्यांचा सवाल.

उसाचं आधी घेतो, कारण तिथं मला बचाव नाही. उसात माणूस दिसत नाही. कोण दारं धरायला गेलंय, कोण जनावरांना पाला काढतंय, बाहेरून काही कळत नाही. तुमच्या आधी आत्यानं हेच सुनावलं होतं आणि मी 'छर्राच तर आहे' म्हणून हसण्यावारी नेलं. खोक्यावर सेकंदाला 200 मीटर वेग छापलाय. तो खरा धरला तर अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यात नळीच्या तोंडाशी 10 ज्यूल ऊर्जा भरते. नळी 4.5 मिलिमीटरची आणि ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असली की परवाना लागत नाही, एवढंच मी मागच्या लेखात ऐटीत लिहिलं होतं. डोळा जायला दहाचा निम्मा आकडाही पुरे, हे लिहायचं राहिलं. आता लक्ष्य गोठ्याच्या भिंतीकडे हलवलंय आणि भिंतीपुढे हळदीची दोन रिकामी पोती वाळूनं ठासून उभी केलीत. नुसत्या दगडावर किंवा पत्र्यावर मारलं तर छर्रा उलटून अंगावर येतो. लेखातला तो फोटोही बदललाय.

ग्रुपिंगवर मात्र थोडं भांडू द्या.

तुम्ही एनसीसीत .22 ची काडतुसाची रायफल चालवलीत. तिचा दस्ता खांद्यात गच्च ओढून घ्यायचा, हात हलू द्यायचा नाही. मीही पहिल्या दिवशी तसंच केलं, वर पुढचं लाकूड थेट ज्वारीच्या पोत्यावर टेकवलं. स्प्रिंगच्या बंदुकीला नेमकं हेच सोसत नाही. चाप ओढला की आतली स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, म्हणून बंदूक मागे सरते. मग दबलेल्या हवेवर दट्ट्या आदळून थांबतो आणि बंदूक पुढे उसळते. छर्रा अजून नळीत असतानाच हा झटापटीचा खेळ चाललेला असतो. दर वेळी वेगळ्या जोरानं आवळलीत की ती दर वेळी वेगळी उसळणार. म्हणून हाताचा पंजा उघडा पोत्यावर ठेवायचा, त्यावर बंदूक नुसती विसावू द्यायची आणि दस्ता खांद्याला जेमतेम लावायचा. गेल्या रविवारी या पद्धतीनं पाच कागदांवर पाच-पाच छर्रे मारले. सगळ्यात वाईट कागद चार सेंटिमीटरचा, सगळ्यात चांगला अडीचचा. बंदूक तीच, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाचही तीच.

पण पन्नास छर्ऱ्यांवर मत बनवू नये, हे तुमचं शंभर टक्के खरं. त्यातले पहिले पंधरा-वीस तर मोजायलाच नको होते. कारखान्यातून येताना आत तेल जास्त राहिलेलं असतं. हवा दबली की ती तापते, तेल पेटतं, नळीतून धूर येतो आणि फटाक्यासारखा आवाज होतो. तो आवाज ऐकून मी 'ताकद भन्नाट' असं लिहून बसलो! अशा वेळी प्रत्येक छर्ऱ्याचा वेग निराळा, मग कागदावर ते वर-खाली पसरणारच. शिवाय दस्त्याचे दोन स्क्रू ढिले झाले होते, हे मला चौथ्या दिवशी कळलं. छर्ऱ्यांच्या डबीतही डमरूसारख्या आकाराच्या त्या इवल्या शिशाच्या तुकड्यांपैकी बऱ्याच जणांची मागची कड चेपलेली होती. आता ते निवडून बाजूला काढतो. कागदासाठी चपट्या तोंडाचेच घेतो, कारण त्यांचं भोक गोल कापल्यासारखं पडतं आणि मोजताना स्वतःशी लबाडी करता येत नाही.

चाप जड आहे. ओढताना मध्येच खरखरतो. त्यावर माझ्याकडे काही तोडगा नाही.

जत्रेच्या बंदुकीबद्दल म्हणाल, तर श्रावणात हरिपूरला मीही फुगे फोडलेत. हातभर अंतरावर कलिंगडाएवढा फुगा, त्यात कसली नेमबाजी! आणि उलट टोक बघायचं तर स्पर्धेचं 10 मीटरचं अख्खं लक्ष्य 45.5 मिलिमीटरचं, त्यात दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. माझं पहिलं ग्रुपिंग त्या लक्ष्याच्याही बाहेर सांडत होतं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक घेतल्यापासून आमच्या गल्लीत प्रत्येकाला नेमबाजी कळते, मला धरून. पण ही बंदूक त्या वाटेवरची नाहीच. संध्याकाळी चहानंतर पंचवीस छर्रे मारायचे, कागद काढून भावाशी वाद घालायचा, यासाठी घेतली आणि त्यासाठी ती पुरते. 'पैसा वसूल' एवढ्यापुरतंच म्हणालो होतो, ते मात्र मागे घेत नाही.

पक्ष्यांचा विषय तुम्ही काढलात, बरं केलंत. लेख आल्यावर तासगावकडच्या दोघांनी मला विचारलं की द्राक्षबागेत पोपट फार येतात, ही चालेल का. नाही चालणार. पोपटाला मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग हातात परवान्याची बंदूक असो की बिनपरवान्याची. बागेला जाळी लावा. हुरड्याच्या दिवसांत आजोबा माळ्यावरून गोफण फिरवायचे, पण तिच्या नुसत्या आवाजानं पाखरं उठायची, मरत नव्हती. हे दोन्ही आता मूळ लेखात वरतीच टाकलंय. सोबत आणखी एक ओळ घातलीय: छर्रा न भरता चाप ओढू नका, दट्ट्याला अडवायला पुढे हवा उरत नाही आणि तो थेट आदळतो. माझ्या भाच्यानं हे तीनदा केलं, तेव्हापासून बंदूक कपाटात आणि किल्ली आत्याकडे.

पाचही कागद जपून ठेवलेत. सांगलीच्या आसपास असाल तर एखाद्या रविवारी या आणि स्वतः पट्टी लावून मोजा. मग तुम्ही पाच छर्रे एनसीसीच्या पकडीनं मारा, पाच उघड्या पंजावरून. दोन्ही कागद तुमच्या सहीनिशी इथेच लावतो, कसेही आले तरी.