फीलर गेजशिवाय बॅरल बदलू नका
डॅन वेसन मॉडेल १५ या रिव्हॉल्व्हरची बॅरल (नळी) घरच्या घरी बदलता येते असं सांगणारा लेख वाचला; ते बरोबर आहे, पण त्यात फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पट्टीचा) उल्लेखच नाही आणि सगळं काम त्यावरच तर अवलंबून आहे! सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) रिकामा असल्याची खात्री करून बॅरलच्या टोकाचा नट पान्याने काढा, श्राउड (बॅरलवरचं बाहेरचं आवरण) ओढून घ्या, बॅरल फिरवून सोडवा. नवी बॅरल बसवताना बॅरल आणि सिलिंडरमधल्या फटीत ०.००६ इंचाचं गेज धरून ते जेमतेम सरकेल इतकीच आत फिरवा. श्राउड पिनवर नीट बसला की नट आवळा आणि सहाही कप्प्यांसमोर फट पुन्हा मोजा, कारण नट आवळताना बॅरल हलू शकते. फट कमी पडली तर काजळी साचून सिलिंडर अडकतो; जास्त झाली तर वायू बाजूने निसटून गोळीचा वेग घटतो. नट सैल नको: बॅरल दोन्ही टोकांना ताणून धरलेली असते, या रिव्हॉल्व्हरची अचूकता त्यातूनच येते.