उल्का ऐकायचीये, जरा गप्प बसाल का?

डिसेंबरात वांगणीला जेमिनिड्सचा उल्कावर्षाव बघायला बरेच जण जातात, मी ऐकायला गेलो होतो. घरी सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, "कानटोपी घेऊन जा." आता कानटोपी घालून काय डोंबल ऐकणार.

पण विषय खरा आहे हो. उल्का जळते 80-100 किलोमीटर वर, तिथून आवाज खाली यायला चार-पाच मिनिटं तरी लागणार, तरीपण लोक शेकडो वर्षं सांगतायत की मोठा अग्निगोल (म्हणजे फारच झगझगीत उल्का) गेला आणि त्याच क्षणी फुस्स, चर्रर्र, तडतड असं काहीतरी ऐकू आलं. 1719 मध्ये इंग्लंडवरून असाच एक गेला तेव्हा एडमंड हॅलेने (तोच, धूमकेतूवाला) हे सगळे मनाचे खेळ म्हणून विषय निकालात काढला. मग 1980 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन के यांनी मांडलं की अग्निगोलातून रेडिओ लहरीपण निघतात, त्या उजेडासोबतच पोचतात आणि आपल्या आजूबाजूच्या वस्तू, म्हणजे चष्म्याची काडी, कुरळे केस वगैरे, थरथरून स्पीकरचं काम करतात. 2017 ला अमेरिकेतून दुसरी थिअरी आली, की अग्निगोल प्रचंड वेगाने लुकलुकतो, त्या उजेडाने केस, पानं, गडद कपडे किंचित तापतात, त्यांना चिकटलेली हवा हलते आणि आवाज होतो. अट एकच, अग्निगोल पौर्णिमेच्या चंद्राइतका झगझगीत हवा.

थोडक्यात थिअरी कुठलीही घ्या, केस लागतातच. हे ऐकून ग्रुपमधले सीनियर काका डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "म्हणजे मी आउट."

दुसरा मार्ग एफएमचा. उल्केच्या शेपटीत हवेचं आयनीभवन होतं (म्हणजे ती विद्युतभारित होते), त्यावर आपटून लांबच्या स्टेशनचा तुकडा सेकंदभर रेडिओवर येतो, फक्त आपल्याकडे रिकामी फ्रिक्वेन्सी पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मधे ती मिळणं म्हणजे संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये विंडो सीट. गाडीतला रेडिओ फिरवून फिरवून शेवटी दागिन्यांच्या जाहिराती ऐकल्या.

मग नुसते कान. मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, सगळ्यांना हात जोडून शांत बसायला सांगितलं. शांत म्हणजे काय तर रातकिडे, गावातली कुत्री, कुणाच्या तरी हळदीचा डीजे, आणि अगदी माझ्या कानाशी वेफर्सचं पाकीट, जे आवाज होऊ नये म्हणून हळूहळू फोडलं जात होतं आणि त्यामुळे पाच मिनिटं वाजत होतं.

दोनच्या सुमारास आला एकदाचा! हिरवट, भला मोठा, जमिनीवर आमच्या सावल्या पडल्या. रेकॉर्डिंगमध्ये "आईशप्पथ!", "अरे तिकडे तिकडे!", "कुठे? कुठे?" आणि कुणीतरी थर्मास लवंडल्याचा आवाज, बाकी काही नाही.

"मला ऐकू आलं," एक काकू ठामपणे म्हणाल्या, "चर्रर्र झालं." त्यांची लांब वेणी बघून मी वहीत लिहून घेतलं. लगेच अजून दोघांना ऐकू आलेलं आठवलं. मग टकलू काकापण म्हणाले, "चर्रर्र कुठलं, फुस्स होतं."

"काका, तुम्ही कशाने ऐकलंत?"

"मिशीने."