काडतूस म्हणजे ठासणीची बंदूक नव्हे

भात लोंबीला आलं की रानडुकरं शेतात उतरतात, आणि त्याच सुमारास गावच्या गटांवर एक मेसेज फिरू लागतो: 'रायफलीची रिकामी काडतुसं फेकू नका. हातोडी, साचा आणि घरातला काटा, एवढ्यात पुन्हा भरता येतात. आजोबा ठासणीची भरायचेच की! परवाना असला म्हणजे झालं.' रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने पुष्कळांकडे आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी आजोबांचं. ठासणीत जायची ती काळी दारू. मापाने घालायची, चिमूटभर इकडेतिकडे झाली तरी बहुधा निभायचं. रायफलीच्या काडतुसात बिनधुराची दारू असते आणि बंद जागेत तिचा दाब भलताच चढतो. .३०-०६ या मापाच्या रायफलीच्या काडतुसाला चौरस इंचाला ६०,००० पौंड ही कमाल मर्यादा आहे. गाडीच्या टायरात ३० च्या आसपास असतो. आणि हा दाब तयार होतो तुमच्या गालापासून वीतभरावर.

म्हणूनच 'घरातला काटा चालेल' हे सगळ्यांत घातक. ही दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि काटा लागतो त्याचाही दहावा भाग दाखवणारा. स्वयंपाकघरातल्या एक-एक ग्रॅमने सरकणाऱ्या काट्याला १५ ग्रेनचा फरकसुद्धा कळत नाही.

रिकामं काडतूस नव्यासारखं असतं, हेही खोटं. पितळ दर बाराला ताणतं. उजेडात फिरवून पाहा: बुडाच्या जरा वर बारीक चमकदार कडं दिसलं, तर तिथे भिंत आतून पातळ झालीय. पुढच्या बाराला बूड तुटलं तर तापलेला वायू मागे, तोंडावर येऊ शकतो.

अमेरिकेत हातोडीने ठोकायचा स्वस्त ली लोडर संच लोक वापरतात, हे खरं. स्वतःपुरतं भरायला तिथला केंद्रीय कायदा परवाना मागत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवायचा परवाना नव्हे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही त्या कायद्याने दारूगोळाच धरली आहेत. विनापरवाना बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप.

आणि डुकराचं म्हणाल, तर परवान्याची बंदूक हातात असली तरी त्याला मारायला वन खात्याची परवानगी लागतेच. पिकाच्या नुकसानीची भरपाईही तेच खातं देतं. शेत तुडवलेलं दिसलं की त्याच सकाळी फोटो काढा, अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या.